सल्ला हवा: एकच फर्मवेअर, तीन वेगळ्या चिपा. बिल्ड कशी सांभाळावी?

पाणीपाळी:
नमस्कार मंडळी. ठिबकच्या कंट्रोलरचं सी मधलं फर्मवेअर (चिपवरच चालणारा प्रोग्राम) आहे. जुना बोर्ड एसटीएम३२एफ१०३ वर, दुसरा एसटीएम३२जी०७१ वर, आणि आता वायफायसाठी तिसरा ईएसपी३२-सी३ वर येतोय. कोडमध्ये जिथे तिथे #इफडेफ, म्हणजे चिपनुसार कोडचा तुकडा घ्यायचा की गाळायचा ते ठरवणाऱ्या ओळी. हॅल (हार्डवेअर हाताळणारी चिप कंपनीची लायब्ररी) प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळ्या आवृत्तीचं, त्यात काहींनी त्याच्या फाइलींत थेट बदल केलेले. एकाच टॅगवरून दोघांनी बिल्ड केली तर बायनरी वेगळी निघते. टीम दोघांचीच आहे. काय वापरता तुम्ही?

रजिस्टर:
आधी #इफडेफ आवरा. व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे ठरवणाऱ्या फाइलला चिपचं नाव माहीतच असता कामा नये. आय२सी (सेन्सरसारख्या चिपांशी दोन तारांवरून बोलायची पद्धत) घ्या. एफ१ च्या हॅलला ‘क्लॉकस्पीड’ द्यावा लागतो, जी० च्या हॅलला ‘टायमिंग’, कारण आतलं पेरिफेरलच (हे काम करणारं चिपमधलं सर्किट) वेगळं आहे. हा फरक प्रत्येक बोर्डाच्या फोल्डरमध्ये एकाच फाइलीत ठेवा. वरच्या कोडला फक्त ‘वाच’ आणि ‘लिही’ अशी दोन फंक्शनं दिसू देत. कोणतं फोल्डर घ्यायचं ते सीमेक (बिल्ड सांभाळणारं साधन) ठरवेल. कंपायलरचे फ्लॅगही तिथेच हवेत: एफ१०३ कॉर्टेक्स-एम३, जी०७१ कॉर्टेक्स-एम०प्लस. एम३ साठी बांधलेली तयार .ए लायब्ररी एम०प्लसला जोडू नका, त्यातल्या बऱ्याच सूचना त्या कोअरला कळतच नाहीत.

ओव्हरले:
सी३ येतोय म्हणजे कंपायलरही रिस्क-व्हीचा लागणार. अशा वेळी मी झेफर (अनेक चिपांवर चालणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) हेच सुचवेन. वर सांगितलेला आय२सीचा फरक तिथे डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते सांगणाऱ्या फाइलींत) आधीच मांडलेला आहे: एका चिपला ‘एसटीएम३२-आय२सी-व्ही१’, दुसरीला ‘व्ही२’. ड्रायव्हर त्यावरूनच निवडला जातो. हॅलच्या आवृत्त्या वेस्टच्या (झेफरचा कोड आणणाऱ्या साधनाच्या) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे यादीत, कमिटसकट बांधलेल्या असतात, त्यामुळे लॅपटॉपागणिक वेगळं हॅल हा प्रकार संपतो. जुलै २०२४ मध्ये आलेली ३.७ ही दीर्घ मुदतीच्या देखभालीची आवृत्ती आहे. सी३ च्या वायफायचे ब्लॉब (सोर्सशिवाय मिळणाऱ्या तयार बायनरी फाइली) मात्र ‘वेस्ट ब्लॉब्ज फेच’ने वेगळे आणावे लागतात. बिल्ड सर्व्हरवर ही पायरी हमखास राहून जाते.

पाणीपाळी:
जी०७१ मध्ये रॅम ३६ केबी, एफ१०३ मध्ये तर २०. झेफर मावेल?

ओव्हरले:
मावतं, नको ते केकॉन्फिगमध्ये (झेफरच्या सेटिंगमध्ये) बंद करा. जड जाईल ते डिव्हाइस ट्री शिकणं. लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) ‘डिव्हाइस_डीटीएस_ऑर्ड’ असं काहीतरी सापडत नाही म्हणून ओरडला, की बहुतेक वेळा तो नोड ‘ओके’ केलेला नसतो किंवा त्याचा ड्रायव्हर बंद असतो. पहिल्या आठवड्यात हे सारखं दिसेल, घाबरू नका.

हार्डफॉल्ट:
एक गोष्ट कुठलीच बिल्ड सिस्टिम पकडणार नाही. मॉडबसच्या (यंत्रांच्या आपसातल्या संवादाच्या प्रोटोकॉलच्या) फ्रेममध्ये, शून्यापासून मोजता, तिसऱ्या बाइटपासून पुढचे आकडे पॉइंटर कास्ट करून (तिथला पत्ता थेट मोठ्या आकड्याचा आहे असं मानून) वाचत असाल, तर विषम पत्त्यावरचं ते वाचन एम३ मुकाट्याने करतो, एम०प्लस थेट हार्डफॉल्टमध्ये जातो, म्हणजे प्रोग्राम तिथेच कोसळतो. तिथे मेमकॉपी वापरा किंवा बाइट जोडून आकडा बनवा. म्हणून कंपाइल झालं एवढ्यावर विसंबू नका, टेबलावर तिन्ही बोर्ड जोडून ठेवा आणि प्रत्येक मर्जनंतर तिन्हींवर चाचणी चालवा.

पाणीपाळी:
मॉडबसचा कोड अगदी तसाच आहे, आजच बदलतो. मग शेतात लागलेले एफ१०३ सुद्धा झेफरवर न्यायचे का?

रजिस्टर:
नको. चालतंय ते चालू द्या. त्या शाखेचा कंपायलर कंटेनरमध्ये गोठवा, हॅल गिट सबमॉड्यूल (ठरावीक कमिटवर बांधलेलं वेगळं रेपो) करा, आणि हॅलमध्ये हाताने केलेले बदल वेगळ्या पॅच फाइली म्हणून काढून बिल्डच्या वेळी लावा. नाहीतर क्यूबएमएक्सने (एसटीच्या कोड तयार करून देणाऱ्या साधनाने) कोड पुन्हा तयार केला की ते उडू शकतात. जी०७१ आणि सी३ झेफरवर न्या, पण सुरुवात जी०७१ पासून करा. ती चिप तुमच्या ओळखीची आहे, त्यामुळे अडलं तर दोष नव्या सिस्टिमचा की हार्डवेअरचा हे लगेच कळेल.