रात्रीत पुणे ते नागपूर, एकट्याने, नॉनस्टॉप: यात मर्दानगी कसली?

वाटाड्या_पुणे
काल एका ओळखीच्याची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. दिवसभर ऑफिस करून रात्री नऊला पुण्यातून निघाला, नगर, संभाजीनगर करत समृद्धी महामार्गाला लागला आणि सकाळी नागपुरात तर्री पोह्यांचा फोटो. एकटा, मध्ये फक्त डिझेल आणि लघुशंका. खाली लिहिलंय, "झोप हा मनाचा खेळ आहे, ज्यांना झेपत नाही त्यांनी ट्रॅव्हल्सने जावं." आणि त्यावर लोकांचे बदाम, "भावा कडक", "वाघ आहेस".

वाघ दिवसातले बरेच तास झोपतो हे जाऊ दे. सकाळी साडेसहाला उठलेला माणूस रात्री साडेअकराला सतरा तास जागा असतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियात लोकांना असंच जागं ठेवून मोजलं होतं, सतरा तासांनंतर हाताडोळ्याचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा बिघडतो. आपल्याकडे पोलीस ०.०३ ला पकडतात. म्हणजे या वाघाने नेवाशाच्या आसपासच 'घेतलेली' होती आणि पुढे अख्खा समृद्धी बाकी. १२० च्या स्पीडला चार सेकंद डोळा लागला तर गाडी १३० मीटरच्या वर जाते, चालवणारा कोणी नसताना. आणि हे पुन्हा पहाटे दोन ते पाचमध्ये, जेव्हा शरीर कोणाच्याही बापाचं ऐकत नाही. दारू पिऊन चालवली असं कोणी मिरवत लिहिलं असतं तर याच लोकांनी फाडून खाल्लं असतं ना? मग याला बदाम का?

टॉपगिअर
झालं, आले प्रवचनकार. मी वर्षानुवर्षं रात्रीच चालवतो, कोल्हापूर, गोवा, इंदूर सगळं. रात्री टू-व्हीलर आडव्या येत नाहीत, बैल नाहीत, वराती नाहीत, ऊन नाही. दिवसा एसी लावून जेवण करून दुपारी तीनला चालवणारे जास्त पेंगतात, ते दिसत नाही तुम्हाला. प्रत्येकाची बॉडी वेगळी असते, काही लोक रात्रीचेच असतात. लॅबमध्ये स्क्रीनसमोर बसवून बटणं दाबायला लावली तर मलाही झोप येईल. स्टिअरिंग हातात असलं की माणूस जागा राहतो. काच खाली, तोंडात लवंग, कडक चहा, विषय संपला.

वाटाड्या_पुणे
दुपारचं मान्य, दुपारी दोन ते चार पण एक खड्डा असतोच झोपेचा. पण त्याने तुमची रात्र सुरक्षित कशी झाली? आणि लवंगेने तोंड जागं राहतं हो, मेंदू नाही.

रात्रपाळी_ताई
टॉपगिअर, "मला कळतं झोप आली की" हे म्हणणारे सगळे आमच्या कॅज्युअल्टीत येतात. डुलकी लागली हे डुलकी घेणाऱ्याला कळतच नाही, शुद्धीवर आला की पहिलं वाक्य "कुत्रं आडवं आलं". नातेवाईक पण तेच लिहून द्यायला सांगतात. आमच्यातलीच एक मुलगी सलग नाइट करून सकाळी स्कूटीवर घरी निघाली, सरळ रस्ता, रिकामा, उजेड, आणि डिव्हायडरला जाऊन चिकटली. तिला विचारलं तर सिग्नलपर्यंतचं आठवतं, पुढचं ॲम्ब्युलन्समधलं. ब्रेक मारल्याची खूणच नव्हती रस्त्यावर. बाकी आम्हाला कोण विचारतंय, रेसिडेंट डॉक्टर पोरं छत्तीस-छत्तीस तास उभी असतात आणि १९९२ पासून कागदावर आठवड्याला ४८ तास लिहिलेले आहेत. त्या पोरांनी लिहिलेला डोस रात्री तीनला मी दोनदा वाचते.

टिकोजीराव
समृद्धीचंच बोलायचं तर १ जुलै २०२३ विसरलात? सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला चाललेली ट्रॅव्हल्स, रात्री दीडच्या सुमारास, २५ माणसं जळून गेली. ड्रायव्हर म्हणाला टायर फुटला, आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा नाही. आणि आपल्या लोकांनी त्यावर उपाय काय केला तर जागेवर महामृत्युंजय यंत्र पुरलं!

टॉपगिअर
त्या केसमध्ये ड्रायव्हरच्या रक्तात अल्कोहोल सापडल्याच्या बातम्या नंतर आल्या होत्या. अर्धवट माहिती देऊन घाबरवू नका.

रात्रपाळी_ताई
मग दारू आणि जागरण एकमेकांना कापतात असं म्हणणं आहे का तुमचं? जागरणावर थोडी घेतली तरी दुप्पट चढते, कुठल्याही लग्नात बघा.

कर्वेरोडचा_काका
झोपेचं पुराण पुरे. रात्री खरा यमदूत म्हणजे ऊसाचा ट्रॅक्टर. नोव्हेंबर ते मार्च सांगली, कोल्हापूर, बारामती कुठेही जा, दोन ट्रॉल्या, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, चार फूट बाहेर आलेला ऊस, आणि पुढे डेकवर गाणी एवढ्या मोठ्याने की तुम्ही हॉर्न वाजवून मेलात तरी ऐकू जात नाही. माझ्या साडूची गाडी मागून आत घुसली, काच फोडून ऊस आत आला, नशीब शेजारची सीट रिकामी होती. यांना लायसन्स कोण देतं?

टॉपगिअर
काका +१०००. हा खरा मुद्दा. आम्ही जागे असतो, पुढचा झोपलेला असतो.

कृष्णाकाठ
काका, साखर घालून चहा पिता का? मग ऐका. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, म्हणून रात्रंदिवस पळापळ. ट्रॅक्टरचा हप्ता, वर ऊसतोड टोळीला दिलेली उचल म्हणजे आगाऊ पैसे, ते बुडवून टोळीचा मुकादम गायब होतो तो खर्च वेगळा. ड्रायव्हरला पैसे खेपेवर. फडात ट्रॉली भरेपर्यंत बसायचं, मग कारखान्याच्या यार्डात नंबर. तिथे दीड-दोनशे गाड्या पुढे असतात. पोरगं स्टिअरिंगवर डोकं ठेवतं, पण झोपता येत नाही कारण पुढची गाडी हलली आणि तू नाही हललास तर मागचा शिव्या देत पुढे घुसतो. म्हणून एकजण खाली उभा राहून टायरवर काठी मारत येतो, "उठ रं, सरक पुढं". अशा रात्री काढून, काट्यावर वजन करून, गव्हाणीत ऊस टाकून पोरगं परत फडाकडे निघतं. डेक मोठ्याने का लावतो विचारता ना, मजा म्हणून नाही लावत, डोळा मिटू नये म्हणून लावतो.

कर्वेरोडचा_काका
म्हणजे त्याच्या हप्त्यासाठी आम्ही मरायचं? रिफ्लेक्टरच्या पट्टीला किती पैसे लागतात? ती लावायला पण उचल हवी का? एकेका चेअरमनच्या गाड्या बघा.

कृष्णाकाठ
चेअरमनला विचारा ना मग, ट्रॅक्टरवाल्याला काय विचारता. पट्टी कारखाना देतो सीझनच्या सुरुवातीला फोटो काढण्यापुरती, दोन खेपांत चिखल आणि पाचटाने झाकते. आणि मागून धडकणारा शंभरने येतो, रस्ता राज्यमार्ग, त्याचा स्पीड कोणी मोजायचा?

कर्वेरोडचा_काका
माझा साडू शंभरने नव्हता!!

कृष्णाकाठ
सगळ्यांचे साडू साठनेच असतात.

कर्वेरोडचा_काका
तोंड सांभाळून. तुम्हाला रस्ता आंदण दिलाय का?

थर्डशिफ्ट
दोघे थांबा जरा. झोपेने फक्त गाड्याच ठोकत नाहीत. आमच्याकडे पॉवर प्रेस आहेत. चुलतभावाचा रिलिव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आला नाही म्हणून सेकंड शिफ्ट करून त्याला थर्डला थांबवला, वर सुपरवायझर म्हणतो डबल ड्युटीचे पैसे मिळतायत ना. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली यायला नको, पण प्रॉडक्शन वाढावं म्हणून एक बटण पट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं, सेन्सर बंद. पहाटे चारला पीस सरळ करायला हात आत गेला. दोन बोटं. रिपोर्टमध्ये कारण काय, "कामगाराचा निष्काळजीपणा". आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाला ९ ऐवजी १२ तासांची वाट मोकळी करून दिली, ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४. कामगाराची संमती लागेल म्हणे. रिलिव्हर नसताना सुपरवायझरला नाही म्हणून बघा एकदा.

टिकोजीराव
उद्योग बाहेर गेले की मग रडणार तुम्हीच.

थर्डशिफ्ट
बोटं तुमची द्या, उद्योग इथेच ठेवतो.

धडधड
रेल्वेवाला आहे म्हणून लिहितो. आमच्या इंजिनात यंत्र असतं, मिनिटभर ड्रायव्हरने काहीच केलं नाही की आधी दिवा, मग बझर, मग आपोआप ब्रेक. ऐकायला छान आहे. पण जुना माणूस अर्धा झोपेत पण ते बटण दाबतो, हाताला सवय होते. त्यामुळे यंत्र लावलं की प्रश्न मिटला असं कोणी म्हणू नये. लागोपाठ नाइट लावायच्या नाहीत हेच खरं औषध, त्यासाठी आमच्या युनियन भांडतायत.

वाटाड्या_पुणे
धागा माझा होता, आठवण करून देतो. थर्डशिफ्ट, कृष्णाकाठ, तुमचं पटतंय, ट्रकवाला, ट्रॅक्टरवाला पोटासाठी जागतो. त्यांच्यासाठी २०२५ पर्यंत निदान १९६१ चा कायदा तरी होता कागदावर, वाहतूक कामगाराला दिवसाला ८ तास, पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती. पाळत कोण होतं, वेगळी गोष्ट. पण पोस्टवाल्याला कोणी काठी मारून उठवलं नव्हतं. तो हौसेने जागला.

टॉपगिअर
बरं बाबा. समजा झोप आली. थांबू कुठे? समृद्धीवर थांबायला जागा दाखवा. कडेला लावून झोपलो तर मागून ट्रक येऊन उडवतो, तो ड्रायव्हर पण झोपलेलाच. हॉटेल घेऊ? दोन तासांसाठी आधार कार्ड देत बसू?

रात्रपाळी_ताई
कडेला अजिबात नाही. पंप दिसला की आत घ्या, कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं सीट मागे करून पडा. कॉफी भिनायला तेवढाच वेळ लागतो, उठेपर्यंत दोन्हीचा फायदा. तासभर झोपलात तर उठल्यावर जास्त गरगरतं. आणि सर्दीची गोळी घेऊन निघू नका, ती तर झोपेचीच गोळी.

टॉपगिअर
वीस मिनिटं पडतो, हरकत नाही, पण तुमच्या ऑस्ट्रेलियामुळे नाही, पंपावर चहा बरा मिळतो म्हणून. आणि रात्रीच निघणार.

वाटाड्या_पुणे
एवढं बोललात हेच खूप. तर्री पोह्यांचा फोटो दुपारी बाराचा टाका, बदाम देतो.

कर्वेरोडचा_काका
ते सगळं ठीक, पण रिफ्लेक्टरचं काय ठरलं?

कृष्णाकाठ
काका, पट्टी तुम्ही घेऊन या. यार्डात नंबर लागायला वेळ असतोच, मी ड्रायव्हरला झोपू देतो, ट्रॉली तुम्ही पुसा आणि तुम्हीच चिकटवा. साडूंना पण आणा.