एनएफएलमधील निलंबने: निकष कृत्याचा की गवगव्याचा?

प्रश्न – तिसराडाव

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये खेळाडूंना मैदानाबाहेरील गैरवर्तनासाठी ज्या शिक्षा होतात, त्यांचा एकमेकींशी मेळ काही केल्या लागत नाही. रे राइसने फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतील एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये आपल्या वाग्दत्त वधूला ठोसा मारून बेशुद्ध पाडले आणि लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, रॉजर गुडेल यांनी त्याला जुलैत अवघ्या दोन सामन्यांसाठी निलंबित केले. उलट कॅल्विन रिडलीने तो संघाबाहेर असताना सुमारे दीड हजार डॉलरच्या पैजा लावल्या, तर २०२२ चा अख्खा हंगाम त्याच्या हातून गेला. पैजांमुळे खेळाच्या विश्वासार्हतेला धक्का बसतो हे मान्य; तरीही दोन्ही निर्णय एकाच कार्यालयाचे आहेत हे पटत नाही. यामागे काही लेखी निकष आहेत, की कमिशनरच्या मनाला येईल ती शिक्षा?

प्रतिसाद – साक्षेपी

लेखी नियमावली होतीच. वैयक्तिक वर्तनाची ही नियमावली २००७ मध्ये गुडेल यांनीच कडक केली. मात्र तिने शिक्षेचे प्रमाण ठरवून दिले नाही, ते ठरवण्याची कमिशनरची मोकळीक तेवढी वाढवली. राइस प्रकरणात ती मोकळीक कशी वापरली गेली, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. जूनमधील सुनावणीला राइसची पत्नी (तोवर त्यांचा विवाह झाला होता) हजर होती, परंतु तिचे म्हणणे पतीच्या आणि संघाच्या अधिकाऱ्यांच्या समक्षच ऐकले गेले. मार खाल्लेल्या स्त्रीने मारणाऱ्याच्या शेजारी बसून मोकळेपणाने काय सांगावे, अशी अपेक्षा होती कोण जाणे.

बेशुद्ध अवस्थेत तिला लिफ्टबाहेर ओढल्याचे चित्रण फेब्रुवारीतच सर्वांनी पाहिले होते. टीका वाढल्यावर ऑगस्टअखेर गुडेल यांनी संघमालकांना पत्र लिहून आपला निर्णय चुकल्याचे मान्य केले आणि अशा पहिल्या कृत्याला यापुढे सहा सामन्यांचे निलंबन असेल, असे जाहीर केले. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतील चित्रण बाहेर आले, आणि त्याच दिवशी राइसच्या बाल्टिमोर संघाने त्याला काढून टाकले व लीगने त्याला बेमुदत निलंबित केले. कृत्य तेच होते. बदलले होते ते एवढेच की आता ते लोकांना दिसले होते. नोव्हेंबरमध्ये माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी हे निलंबन रद्द केले, कारण राइसने लीगची दिशाभूल केल्याचे त्यांना आढळले नाही आणि एकाच कृत्यासाठी दुसऱ्यांदा दिलेली शिक्षा त्यांना मनमानीची वाटली. (राइसला पुढे कोणत्याही संघाने घेतले नाही, पण ती लीगची कर्तबगारी नव्हे.)

प्रतिसाद – पंचनामा

राइस प्रकरणी लीगचा कारभार ढिसाळ होता, यावर वाद नाही. मात्र सगळे खापर गुडेल यांच्या माथी फोडणे मला योग्य वाटत नाही. शिक्षा देण्याचा आणि त्याच शिक्षेवरील अपील ऐकण्याचा अधिकार कमिशनरला संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक कराराने मिळाला होता, आणि २०११ च्या त्या करारावर संघटनेचीही सही होती. सामन्यातील चेंडूंची हवा कमी केल्याच्या आरोपाच्या प्रकरणात टॉम ब्रेडी या खेळाडूवरील चार सामन्यांचे निलंबन खालच्या न्यायालयाने रद्द केले होते. अपिलीय न्यायालयाने ते २०१६ मध्ये कायम केले, तेही याच कराराच्या आधारे. संघटनेने पैशाच्या बाजूकडे लक्ष दिले आणि शिस्तीची बाजू सोडून दिली, असेच म्हणावे लागते. शिवाय २०२० च्या करारानुसार पहिला निर्णय आता दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेला अधिकारी देतो, ही सुधारणा दुर्लक्षिण्याजोगी नाही.

प्रतिसाद – उभीरेघ

पंचनामा, आपण सांगितलेल्या सुधारणेतही अपील कमिशनरकडे किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीकडेच जाते. डेशॉन वॉटसन या खेळाडूच्या प्रकरणात त्याचा प्रत्यय आला. लैंगिक गैरवर्तनाचे आरोप त्याने नाकारले होते आणि ग्रँड ज्यूरींनी (खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांनी) त्याच्यावर फौजदारी आरोप ठेवले नव्हते. तरीही असा अधिकारी म्हणून नेमलेल्या माजी न्यायाधीश सू रॉबिन्सन यांनी त्याला नियमभंगाबद्दल दोषी धरले. पण पूर्वीच्या सौम्य शिक्षांचा दाखला पाहता सहा सामन्यांपलीकडे जाणे त्यांना न्याय्य वाटले नाही. जुन्या ढिलाईचे असे ओझे नव्या निर्णयावर पडते. लीगने अपील केले आणि शेवटी ११ सामने व ५० लाख डॉलर दंड यावर तडजोड झाली. आता दुसरी बाजू पाहा: क्लीव्हलँडच्या संघमालकांनी हे आरोप माहीत असतानाच त्याला २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार दिला होता आणि त्यातील पहिल्या वर्षाचे मूळ वेतन केवळ १० लाख डॉलरच्या आसपास ठेवले होते. निलंबनात वेतन कापले जाते ते याच रकमेतून.

मालकांच्या बाबतीत तर कागदही मिळत नाही. वॉशिंग्टन संघाच्या कार्यालयातील महिलांच्या छळाची चौकशी झाली, २०२१ मध्ये संघाला एक कोटी डॉलर दंड झाला, पण लेखी अहवाल मागितलाच गेला नाही. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) समितीने विषय लावून धरला आणि २०२३ मध्ये दुसऱ्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मालक डॅन स्नायडर यांना सहा कोटी डॉलर दंड झाला, पण त्याच दिवशी त्यांच्या संघाची ६०५ कोटी डॉलरची विक्री मंजूर झाली. कमिशनरची नेमणूक आणि त्याचा पगार हे मालकच ठरवतात, हे लक्षात घेतले तर तिसराडाव यांच्या मूळ प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

प्रतिसाद – तिसराडाव

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. मग संघटनेने पुढील वाटाघाटीत निदान अपील त्रयस्थ लवादाकडे नेण्याचा आग्रह धरावा काय?

प्रतिसाद – पंचनामा

धरावा, परंतु चालू करार २०३० च्या हंगामापर्यंतचा आहे आणि मालक ही सवलत फुकट देणार नाहीत. मोबदल्यात ते महसुलातील वाटा मागतील, आणि शिक्षा न झालेले बहुसंख्य खेळाडू तो सोडायला तयार होतील असे मला वाटत नाही.