मदत हवी आहे: बाळंतपणानंतरचे वांग आणि दोन मिनिटांची निगा

मैत्रिणींनो, माझी लेक साडेतीन महिन्यांची आहे. ती पोटात असताना, सातव्या महिन्यात, दोन्ही गालांवर वांग उठले, ते अजून तसेच आहेत. डॉक्टर म्हणाल्या, हार्मोन्समुळे होतं, हळूहळू फिके पडतील, पण ऊन लागलं की गडद होतात. सनस्क्रीन सोडू नका. अंगावर पाजताय तोवर रेटिनॉल (क्रीममध्ये असतं ते व्हिटॅमिन ए) नको, असंही सांगितलं.

अडचण अशी की दूध पिऊन झालं की लेक माझ्या गालाला गाल लावून झोपते, कधी हनुवटीच चोखते. मग तोंडाला काही लावायचा धीरच होत नाही. आई म्हणते साय-हळद आणि डाळीचं पीठ लाव. पण ते वाळायच्या आत ही उठते, आणि हळदीचे डाग तिच्या झबल्याला.

मला जमेल ते इतकंच: सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. झिंक ऑक्साइडचं, बिनवासाचं सनस्क्रीन कुणी वापरलंय का? सावळ्या रंगावर पांढरट दिसतं का? आणि बाळ सतत कडेवर असताना तुम्ही ते नेमकं कधी लावायचात? ज्यांचे वांग गेले, त्यांनी किती महिने लागले तेही सांगा, प्लीज.