नव्या शाळेतली पहिली मधली सुट्टी : तुमच्या वेळी काय घडलं?

रानजाई

जून संपता संपता आमची अकोल्याहून पुण्याला बदली झाली. विदर्भात उन्हामुळे शाळा इकडच्यापेक्षा दहा-बारा दिवस उशिराच उघडतात, म्हणून आम्ही आपले निवांत होतो. शाळा सोडल्याचा दाखला काढला, सामान हलवलं, आणि लेक सातवीच्या वर्गात जाऊन बसली तेव्हा तिथे शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. बाकं ठरली होती, डबा कोण कुणाबरोबर खाणार तेही ठरलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी बाईंनी वही मागितली. ही म्हणाली, "मी शोधून राहिली होती, सापडलीच नाही." वर्ग हसला. तेव्हापासून तिला हाकच "काय करून राहिली?" अशी मारतात. आता ती घरीसुद्धा जपून बोलते. परवा आजीशी फोनवर "मी शोधत होते" म्हणाली, तर आजीनं नंतर मला विचारलं, "पोरगी अशी काहून बोलून राहिली?" मला काही उत्तर सुचलं नाही.

रडत नाही ती. पण परवा झोपताना म्हणाली, "आई, मधली सुट्टी पंचवीस मिनिटांची असते. डबा दहा मिनिटांत संपतो. मग पंधरा मिनिटं कुठे उभं राहायचं?"

"होईल हळूहळू" असं मी रोज सांगते. पण हळूहळू म्हणजे नेमकं काय होतं? मी स्वतः बालवाडीपासून दहावीपर्यंत एकाच शाळेत होते, मला ते ठाऊकच नाही. ज्यांनी शाळा बदलली आहे, ज्यांच्या मुलांनी बदलली आहे, त्यांनी कृपया लिहा. सल्ला नको. घडलं ते सांगा, मी तिला वाचून दाखवणार आहे.

चाफा

लेकीला सांगा, ती पंधरा मिनिटं मी नळावर काढायचे. तीनदा पाणी प्यायचे. नळाशी उभं राहिलेल्याला कुणी "इथे का उभी?" असं विचारत नाही.

बाबा बँकेत होते. कराड, लातूर, नंदुरबार, मग सांगली, अशा चार शाळा झाल्या. सगळ्यात अवघड गेली ती नंदुरबारची, सहावीत. वर्गात सगळ्या प्रमाण मराठी बोलायच्या, पण सुट्टी झाली की आपसात अहिराणी. "काय करी राहिनी?" म्हणजे "काय करतेयस?" हे मला कळायलाच आठवडा लागला. (बघा, ते "राहणं" तुमच्याकडचंच आहे. लेकीला हे जरूर सांगा. अकोल्यापासून नंदुरबारपर्यंत लाखो लोक असंच बोलतात.)

मग एका पीटीच्या तासाला खो-खोत एक मुलगी कमी पडली. संघाला नऊ लागतात, होत्या आठ. बाईंनी मला चौकोनात बसवलं. खो-खोत बसताना शेजारणीचं तोंड आपल्या उलट दिशेला असतं, त्यामुळे कुणाचा चेहरा दिसत नाही. मागून धावत कुणीतरी येते, पाठीवर हात बसतो, "खो!" आणि आपण उठायचं. नाव माहीत असावं लागत नाही. पहिला खो मिळाला तेव्हा मी इतकी दचकले की उठायलाच उशीर झाला, आणि एक जण सुटली. दुसऱ्या वेळी उठले आणि खांबाजवळ एकीला बाद केलं. मागून कोण ओरडली माहीत नाही, पण ती म्हणाली, "नवीन, भारी!"

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यातल्या दोघींनी सरकून जागा केली. माझं नाव त्यांनी त्यानंतर चार दिवसांनी विचारलं. ते हळूहळू मला तरी असं दिसलं. आधी पाठीवर हात, मग जागा, नाव सगळ्यात शेवटी.

करकटक

माझं छोटंसं आहे. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलानं भूमितीच्या तासाला माझं करकटक मागून घेतलं आणि परत द्यायला विसरला. मी मागायला गेलो, तो द्यायला आला, दोघांची चुकामूक झाली. असं तीन दिवस चाललं. तोवर एकमेकांचं घर कुठे आहे ते दोघांना कळलं होतं. आजही आम्ही रोज बोलतो.

सातमाळा

मी मराठवाड्यातल्या नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत होतो. सहावीला घर सोडलं, तेव्हा पहिले दोन महिने रात्री उशीत तोंड खुपसून रडायचो. पण ते सगळेच करत होते, त्यामुळे एकटं वाटलं नाही. खरी नवी शाळा आली नववीत.

नवोदयात नववीच्या वर्गातली साधारण 30 टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयात पाठवतात. हिंदी भागातली इकडे येतात, इकडची तिकडे जातात. आमची तुकडी उत्तर प्रदेशात गेली. आम्हाला वाटायचं आम्हाला हिंदी येतं. पहिल्या दिवशी मी "मेरेको पानी होना" म्हणालो आणि मेस हसायला लागली. मग आम्ही मराठी पोरांनी ठरवलं, आपण आपलेच राहायचं. जेवायला एकत्र, मैदानात एकत्र. आता वाटतं, ती चूक होती. आठवडाभर बरं वाटलं, पण महिनाभरात त्याच त्या गप्पांना आम्हीच कंटाळलो.

सुटका केली ती हाऊसनं. अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी असे चार हाऊस, म्हणजे मुलांचे गट, प्रत्येक नवोदयात असतात, आणि आम्हाला त्यांत वाटून टाकलं होतं. माझ्या खोलीत मी एकटाच मराठी. शेजारच्या पलंगावरच्या मुलाला माझं आडनाव म्हणता येईना, कारण त्यात "ळ" आहे. तो "ल" म्हणायचा, मी दुरुस्त करायचो, तो "ड" म्हणायचा. एका थंडीच्या रात्री दिवे बंद झाल्यावर, रजईत, तो हळूच म्हणतोय, "बाल... बाड... बाळ." मग जरा थांबून, "हुआ क्या?" मी म्हटलं, "हुआ." त्यानं उठून अख्ख्या खोलीला जागं केलं आणि सगळ्यांकडून "बाळ" म्हणवून घेतलं. हाऊस मास्तर आले, सगळ्यांना ओरडा बसला.

त्याच्याकडून मी "मैं"ऐवजी "हम" म्हणायला शिकलो. पुढच्या एप्रिलमध्ये परत आलो तेव्हा आमच्याच शाळेत पोरं माझ्या "हम"ला हसली. वऱ्हाडीला हसणाऱ्या त्या वर्गावर म्हणूनच मी फार रागावू शकत नाही. पण कुणीतरी एकानं त्या मुलीचं "राहिली" स्वतः म्हणून बघायला हवं.

वाटसरू

मी उलट बाजूचं लिहिते. आठवीत आमच्या वर्गात वर्षाच्या मध्यात एक मुलगी आली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. माझी मैत्रीण गोवरानं आजारी होती आणि मी ती जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती. नवी मुलगी दप्तर घेऊन बाकाशी आली तेव्हा मी "इथे कुणीतरी बसतं" म्हणाले. ती शेवटच्या बाकावर गेली आणि वर्ष संपेपर्यंत तिथेच बसली. पुढच्या जूनमध्ये हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं.

मी काही वाईट मुलगी नव्हते. मला फक्त तिची पंधरा मिनिटं दिसली नाहीत. माझ्या मुलीच्या वर्गात कुणी नवीन आलं की मी आता रोज विचारते, "ती कुठे बसली?"

भिरुड

गोव्याचं सांगतो. आमच्याकडे माझ्या वेळी चौथीपर्यंत गावातली सरकारी मराठी शाळा आणि पाचवीपासून हायस्कूल, तेही इंग्रजी माध्यमात. म्हणजे सत्तरीतल्या आमच्या गावची अकराच्या अकरा मुलं एकाच दिवशी नवीन झाली. "परिमिती" कालपर्यंत येत होती, ती आज "पेरिमीटर" झाली. हुशार म्हणवली जाणारी मुलंही गप्प बसायला लागली, कारण उत्तर येत होतं पण सांगता येत नव्हतं.

माझे आईवडील त्याच वर्षी म्हापशाला आले, म्हणून मला ती अकरा मुलंही मिळाली नाहीत. वर्गात इंग्रजी, मैदानात कोंकणी. "तुजें नांव कितें?" एवढं विचारून मुलं फुटबॉलकडे पळायची, आणि मला फुटबॉल येत नव्हता.

मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली. गणपतीच्या वर माटोळी म्हणजे लाकडी चौकट बांधतात, तिला रानातली फळं, सुपारीचं शिपटं, तोरिंजन, चिबूड असं सगळं लागतं. शहरातली माणसं ते बाजारातून आणतात. मी वर्गात सहज बोलून गेलो की आम्ही बाबांबरोबर रानात जाऊन गोळा करतो. मागच्या बाकावरचे दोघे वळून बसले. रानात म्हणजे कुठे? साप असतो का? वेल ओळखायची कशी? सुट्टीत ते दोघे आमच्या गावी आले, एकाच्या वडिलांनी स्कूटरवरून आणून सोडलं. माझ्या आजोबांनी त्यांना कोयती धरायला दिली नाही, पण वेल ओढायला दिली. दोघेही अंगभर ओरखडे घेऊन खूश होऊन घरी गेले.

फुटबॉल मला आजही येत नाही. गोलपोस्टला ते मला उभं करायचे.

एक शिक्षक

मी शिरोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तुमच्या मुलीला निदान हे माहीत आहे की ती आता याच शाळेत राहणार. आमच्याकडे दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडणी कामगार येतात, त्यांची मुलं येतात, आणि साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्चच्या सुमारास परत जातात. त्यांच्याकडच्या काही गावांत मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं, पण धाकटी भावंडं सांभाळायला मोठं मूल लागतं, म्हणून बरीच मुलं आईबापांबरोबर येतातच. चार-पाच महिन्यांसाठी कुणी मैत्री कशाला करेल, असं मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं.

चौथीतला एक मुलगा पहिले आठ दिवस एक शब्द बोलला नाही. गणिताच्या तासाला मी मोळ्यांचं उदाहरण घातलं. बैलगाडीत किती मोळ्या, किती फेऱ्या. तो जागेवरूनच म्हणाला, "गुर्जी, गाडीत मोळ्या मोजत्यात व्हय? काट्यावर वजन करत्यात. दीड-दोन टन बसतंय." सगळा वर्ग त्याच्याकडे बघत राहिला. त्यातल्या निम्म्या मुलांच्या बापाच्या शेतात ऊस आहे, पण काट्यापर्यंत कुणी गेलेलं नव्हतं. त्या दिवशी सुट्टीत त्याच्याभोवती सात-आठ जण होते.

पुढच्याच आठवड्यात तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी माझ्या वर्गातला गावातला एक मुलगा सकाळी थेट त्याच्या कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीवर गेला. या गावातल्या मुलाच्याच वडिलांच्या फडात त्या दिवशी तोड चालू होती. तो ऊसतोडीचा मुलगा कोपीवर धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसलेला. प्रार्थना संपत असताना दोघं फाटकातून आत आले, आणि बहीण कडेवर होती ती गावातल्या मुलाच्या. मी काही विचारलं नाही. तिला सतरंजीवर बसवलं आणि खडू दिला.

शिक्षक म्हणून एकच सांगतो. नव्या मुलाला पुढे उभं करून "तुझी ओळख करून दे" म्हणू नये. त्याला जे येतं त्यावर प्रश्न काढावा.

ईशान्य

आम्ही न्यू जर्सीत आलो तेव्हा मुलगा आठ वर्षांचा, मराठी शाळेतून आलेला. सप्टेंबरमध्ये वर्ष सुरू झालं. बाईंनी त्याला एक जोडीदार नेमून दिला, जेवणाच्या खोलीत रांग कुठे लावायची ते दाखवायला. नेमलेली मैत्री कितपत टिकणार, असं मला वाटलं होतं. ती महिनाभरच टिकली. पण त्या महिन्यात त्याला "कुठे उभं राहायचं" हा प्रश्न पडला नाही, आणि तेवढं पुरलं. शाळेत अशी सोय नसेल तर वर्गशिक्षिकांना भेटून मागा. मागायला संकोच करू नका.

रानजाई

सगळ्यांचं तिला वाचून दाखवलं. "बाळ"वाली रात्र दोनदा वाचायला लावली. वर्गशिक्षिकांना मी सोमवारी भेटले. त्यांना हाक मारण्याचं काहीच ठाऊक नव्हतं. तिला खिडकीजवळ एका मुलीशेजारी बसवलंय.

गुरुवारी डब्यात सांभारवडी दिली होती. त्या मुलीनं विचारलं, "यात सांबार कुठंय?" आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, हे हिनं तिला सांगितलं. तिनं अर्धी वडी खाल्ली आणि म्हणाली, "मग कोथिंबीरवडीच म्हण ना." ही म्हणाली, "नाही, कोथिंबीरवडी वेगळी. ही सांभारवडी." वाद सुट्टी संपेपर्यंत चालला म्हणे.

मागच्या बाकावरून हाका अजून येतात. पण आज शाळेतून आल्या आल्या तिनं दप्तर टाकलं आणि मला म्हणाली, "उद्या चार वड्या जास्त देशील?" कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन आत्ताच आले. निवडायला बसते.