लॅबवाला आणि डॉक्टर: कवळीत कोणाचं काम काय

"लॅबवाल्याकडूनच थेट कवळी करून घ्या, निम्म्या पैशात होते," असं काही जण सुचवतात. नका हो. लॅबवाला म्हणजे डेंटल मेकॅनिक, तो कवळी घडवतो, दुरुस्त करतो. पेशंटच्या तोंडात हात घालणं त्याचं काम नाही. १९४८च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्येही त्याची नोंद डॉक्टरांपेक्षा वेगळी ठेवली होती. माप घेणं, चाव जुळवणं, मेणावर दात लावून बघणं हे डॉक्टरचं. साधी कवळी बीडीएसवाले (दातांचे नेहमीचे डॉक्टर) करतात. हिरडी पार सपाट झाली असेल तर प्रॉस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दातांचा तज्ज्ञ, बीडीएसवर ३ वर्षं एमडीएस) गाठा.

आमच्या आईला पंचवटीत दात काढले त्याच दिवशी तात्पुरती कवळी बसवली. दोन महिन्यांत ती बोलताना खटखट वाजायला लागली. आम्हाला वाटलं, फसवलं! पण दात काढल्यावर तिथलं हाड झिजतंच, मग कवळी सैल होते. म्हणून कायमची सहसा ३ ते ६ महिन्यांनी करतात, तोवर जुनीला आतून अस्तर भरून देतात. कायमची आल्यावरही टोचत होती तिथे घासून घ्यायला तीन फेऱ्या झाल्या. घरी कानस चालवू नका (शेजारच्या काकांनी चालवली, कवळी गेली). आई आता मिसळ खाते, पाव मात्र रश्श्यात बुडवून.