मदत हवी आहे: घरच्या दोडक्याचं बी, एक वेल लगडलेला आणि काहींना नुसती नर फुलं

नमस्कार मंडळी. जुन्नरकडची आहे, घरचा १० गुंठे दोडका मांडवावर आहे. बी दुकानातलं नाही, सासूबाईंच्या माहेरचं. दरवर्षी दोनचार दोडके वेलावरच वाळू देतात, खुळखुळ वाजायला लागले की चुलीमागच्या खुंटीला टांगतात. चव एक नंबर, शिरांची चटणी तर विचारूच नका.

पण माल निघत नाही. यंदा मी वेलांना नंबर लावून तोडा वहीत लिहिला, तर उकिरड्याकडच्या वेलाला ३४ दोडके, घराकडच्या एकाला फक्त ९, आणि काहींना नर फुलांचे तुरेच्या तुरे पण मादी फूल शोधून सापडत नाही. कुठं दोडका हातभर, कुठं वीतभर नि जाडजूड. गेल्या वर्षी सगळ्यात चांगल्या वेलाचं बी वेगळं ठेवलेलं, त्याचीही यंदा अशीच खिचडी निघाली. बांधापलीकडे शेजाऱ्यांचा हायब्रीड दोडका आहे आणि आमच्या कुंपणावर घोसाळी, त्यामुळे होतंय का? दुकानदार म्हणतो हे बी फेकून द्या. मन होत नाही. घरच्या घरी सुधारता येईल का?

बांधावरचा: ताई, फेकू नका! एवढा फरक आहे म्हणूनच निवडायला वाव आहे, सगळे वेल सारखे असते तर निवडणार काय? घोसाळ्याची काळजी सोडा, त्याचं फूल पहाटे-सकाळी उमलतं नि दोडक्याचं संध्याकाळी. खरी भानगड हायब्रीडची. तुम्ही आई निवडली, बाप कोण ते कीटकांनी ठरवलं. बियाण्याच्या प्लॉटला अर्धा-एक किलोमीटर अंतर लागतं, ते तुम्हाला जमणार नाही, म्हणून पिशवी बांधा. आज संध्याकाळी उमलणाऱ्या कळीला टोकाशी पिवळं दिसतं, अशी मादी कळी (खाली बारकं दोडकं असतंच) आणि त्याच वेलाची नर कळी दुपारी कागदी पिशवीत झाका, उमलल्यावर पराग लावा, परत झाका, देठाला रंगीत दोरा. ३४ला लगेच भुलू नका, ते शेणखताचंही काम असेल. पाचसहा वेलांचं बी वेगवेगळं ठेवा, पुढच्या वर्षी प्रत्येकाची ओळ दोन ठिकाणी लावा, सोबत तुलनेला फुले सुचेता नाहीतर कोकण हरिता ही दोडक्याची सुधारित जात. दोन्हीकडे जी ओळ चांगली चालली तिच्यात खरा दम.

मळेकरी: वेल दोन ते चार पानांवर असताना इथ्रेल (फवारायचं संजीवक) मारा की, मादी फुलं वाढतात.

बांधावरचा: वाढतात, पण तो गुण बियात उतरत नाही ना भाऊ. आणि निवड करायच्या प्लॉटात मारलं तर कुठला वेल मुळातच चांगला ते कळणारच नाही. त्यापेक्षा पहिलं मादी फूल कितव्या पेऱ्यावर (वेलाला पान फुटतं त्या गाठीवर) आलं ते लिहा ताई, जितकं खाली तितका माल लवकर.

धागाकर्ती: खूप आभार. पेऱ्यांचं लिहिलंच नव्हतं, आता लिहिते. आणि एक घोळ झालाय. हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणतात, तो ९वाला वेल दारातच आहे, त्याचे कवळे दोडके मी रोज सकाळी भाजीला तोडत होते, तू कधी विचारलंस का. म्हणजे माझी वहीच गंडली :( आता त्या वेलाचंही बी धरू का?