किरकोळ कामांच्या रेट्यात मोठे काम मागे पडते, त्यावर उपाय काय?

शंकासुर:
आमच्या विभागाच्या पुढील तीन वर्षांच्या नियोजनाचा मसुदा सध्या माझ्याकडे आहे आणि त्याच्या जोडीला ईमेलना उत्तरे देणे, बिले मंजूर करणे, सहकाऱ्यांच्या शंकांचे निरसन करणे ही रोजची कामेही आहेत. ती आधी हातावेगळी केली की उरलेला वेळ मसुद्याला निर्वेध मिळेल, या हिशेबाने मी दिवस सुरू करतो. परंतु यादी दुपारपर्यंत संपत नाही आणि संपली तरी मसुद्यात डोके घालण्याइतकी उमेद राहत नाही. उलट, सकाळी मसुदा हाती घेतला तर कोणाचे ना कोणाचे काम माझ्यामुळे अडते. या दोहोंचा मेळ आपण कसा घालता?

दीर्घसूत्री:
ही यादी संपणारी नाही, कारण आपण पाठवलेल्या उत्तरालाही बहुधा उलट उत्तर येतेच. त्यात घाईच्या कामाकडे मन आपसूक ओढले जाते. 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मुदत संपत आल्याचा नुसता आभास निर्माण केला तरी लोक जास्त मोबदल्याचे काम सोडून कमी मोबदल्याचे काम निवडतात, असे दिसून आले. तेव्हा मसुद्यालाही जवळची मुदत द्यावी. 'शुक्रवारी खर्चाचे प्रकरण वाचायला देतो' असे एखाद्या सहकाऱ्याला सांगून टाकावे. स्वतःशी ठरवलेली मुदत, माझ्या मते, कोणीच पाळत नाही.

टाचणी:
वरील मत मान्य असले तरी सगळी छोटी कामे एका मापाने मोजू नयेत. एका मंजुरीवाचून दुसऱ्याचा अख्खा दिवस खोळंबत असेल, तर त्या कामाला किरकोळ म्हणणेच चूक आहे. सकाळी पहिली वीस मिनिटे फक्त अशी अडलेली कामे मोकळी करावीत, त्या वेळी बाकीच्या ईमेल उघडूही नयेत, आणि उरलेल्या कामांसाठी दुपारची एक वेळ ठरवून ती सर्वांना कळवावी. उत्तर कधी मिळणार हे ठाऊक असले की लोक सहसा तगादा लावत नाहीत.

अर्धविराम:
यात एक भर घालतो. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. म्हणून मसुदा मिटण्यापूर्वी पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवावी. 'मसुदा पुढे नेणे' असे मोघम लिहून उपयोग नाही. 'तिसऱ्या तक्त्यातील मनुष्यबळाचे आकडे गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहणे' असे लिहिले, तर परतल्यावर कोठून सुरुवात करावी यात वेळ जात नाही.

शंकासुर:
सर्वांचे आभार. अडलेली कामे वेगळी काढण्याची सूचना विशेष पटली. मात्र मसुद्याच्या वेळेतच वरिष्ठांचा फोन आला, तर काय करावे?

टाचणी:
फोन घ्यावा, परंतु काम लगेच हाती घेऊ नये. 'दुपारी तीनपर्यंत दिले तर चालेल का?' असे विचारावे. बहुतेक वेळा चालते. चालत नसेल, तर मसुद्याची मुदत त्यामुळे किती पुढे जाईल हे त्याच फोनवर सांगावे, म्हणजे कोणते काम आधी घ्यायचे याचा निर्णय तेच देतील.